घरी पाठवलेल्या पैशाला लागणारी कात्री



नाताळच्या सुटीत आखातातून घरी आलेला आपल्या धर्मग्रामातील एक तरुण मिस्सा संपल्यावर आम्हांला भेटला. आयटीआय करून एसी दुरुस्तीच्या कामावर तो चार वर्षांपूर्वी दुबईला गेला. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर त्याने जरा आवाज खाली आणून विचारले, "फादर, हुंडीवाल्याकडून घरी पैसे पाठवले तर पाप लागते का?"

मागे बाप्तिस्म्याची मंडळी खोळंबली होती. आम्ही घाईत सांगून टाकले, "ते कायद्याच्या विरुद्ध आहे. बँकेतूनच पाठवत जा." त्याने मान डोलावली, पण जाता जाता म्हणाला, "फादर, हुंडीवाला एक पैसा कापत नाही, घरी आणून देतो. बँकेत मात्र दर महिन्याला कापतात. त्यांना कोणी पाप म्हणत नाही."

त्याचे हे बोलणे मनात राहिले. आम्ही दिलेले उत्तर चुकीचे नव्हते, पण ते अर्धेच होते. गरिबाला नियम सांगायचा आणि ज्याच्यामुळे तो नियम मोडावासा वाटतो त्याविषयी गप्प राहायचे, हे पुरोहिताला शोभत नाही. म्हणून या रविवारी त्या उरलेल्या अर्ध्या उत्तराकडे वळतो.

प्रथम हिशेब पाहू. सोपे जावे म्हणून एका दिरहमचा बाजारभाव २४ रुपये धरा. आपल्या या तरुणाने ५०० दिरहम घरी पाठवले. तेथील दुकानाने पाठवणीचे २० दिरहम वेगळे घेतले असे समजा, म्हणजे ४८० रुपये. हे पावतीवर दिसते. परंतु पैसे बदलताना दुकान २४ चा भाव देत नाही, समजा २३ रुपये ७० पैसे देते. पाचशे दिरहमांवर हे १५० रुपये झाले, आणि ते पावतीवर कोठेही 'कापले' म्हणून लिहिलेले नसतात. दोन्ही मिळून ६३० रुपये. त्याच्या खिशातून गेले ५२० दिरहम, म्हणजे १२,४८० रुपये, आणि आईच्या खात्यावर आले ११,८५०. शंभराला पाच रुपये वाटेत राहिले. कधी मधली एखादी बँक आपला हात मारते, कधी इकडची बँक चलनबदलावरील कर म्हणून थोडे घेते, ते आणखी वेगळे.

आता त्याच दुकानात त्याच्या कंपनीचा इंजिनिअर उभा आहे. तो ५,००० दिरहम पाठवतो. पाठवणीची फी त्यालाही २० दिरहमच. त्याचे दोन्ही मिळून १,९८० रुपये जातात, म्हणजे शंभराला दोन रुपयेसुद्धा नाहीत. मंदिराच्या दानपेटीजवळ बसलेल्या प्रभू येशूने त्या विधवेची दोन नाणी पाहिली, आणि तिने किती टाकले यापेक्षा तिच्याजवळ मागे किती उरले यावरून तिचे दान मोजले. फी लावणाऱ्यांनीही मोजायला असेच कधी बसावे.

एकदाच मोठी रक्कम पाठव, म्हणजे फी एकदाच बसेल, असे आपण त्याला सांगू शकतो. हा सल्ला योग्यच आहे. पण आईला ताप भरला, धाकट्या बहिणीची फी भरायची शेवटची तारीख आली, पावसाच्या तोंडावर छपराचे पत्रे घ्यायचे आहेत, तर महिनाअखेरपर्यंत कोण थांबणार? ज्याच्या घरी साठा नाही त्याला थोडे थोडे आणि वारंवार पाठवावे लागते, आणि थोडे थोडे पाठवणाऱ्यालाच फी जास्त बसते.

ही गोष्ट एकट्या आपल्या धर्मग्रामाची नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून भारतात आलेल्या पैशांत सर्वांत मोठा वाटा, सुमारे साडेवीस टक्के, महाराष्ट्राचा होता. केरळचा त्याच्या किंचित खाली. (हा आकडा वाचून आपल्या पाड्यांकडे पाहिले की हसू येते. त्यातले पुष्कळसे पैसे मुंबई-पुण्याचे आहेत हे सांगायला नको.) जागतिक बँक दोनशे डॉलर घरी पाठवायला किती खर्च येतो याची जगभराची सरासरी काढत असते. २००९ साली तो खर्च शंभराला जवळजवळ दहा होता, अलीकडच्या वर्षांत साडेसहाच्या आसपास आला आहे. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी जी उद्दिष्टे ठरवली त्यांत २०३० पर्यंत तो तीनच्या खाली आणावा असे एक आहे. म्हणजे आपल्या तरुणाची तक्रार जगातल्या शहाण्या माणसांनाही पटलेली आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही २००९ च्या आपल्या परिपत्रात परदेशी कामगार घरी जे पैसे पाठवतात त्यांतून त्यांच्या मायदेशाच्या विकासाला मोठा हातभार लागतो, याची आठवण करून दिली होती.

परंतु आकडा मोठा आहे एवढ्याने तो अन्याय ठरत नाही. कोणाचे काम करून दिले तर मोबदला घेणे हे पाप नाही. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना मनिऑर्डर आठवत असेल. पोस्ट खाते वीस रुपयांना एक रुपया कमिशन घेत असे, म्हणजे शंभराला पाचच! आताच्या हिशेबात निघाले तेवढेच. तरी मनिऑर्डरच्या कमिशनवरून कोणी धर्मगुरूकडे पापपुण्याचा प्रश्न घेऊन आल्याचे आम्ही ऐकलेले नाही. असे का असावे? एक तर तो दर काउंटरवर सर्वांना माहीत होता. शंभर पाठवणारा आणि हजार पाठवणारा दोघांनाही तो एकच होता. आणि पोस्टमन सायकल रस्त्यात ठेवून, ओढा ओलांडून पाड्यावर येई, म्हातारीचा अंगठा घेई, नोटा तिच्या हातावर मोजी आणि फॉर्मच्या तळाशी मुलाने लिहिलेल्या दोन ओळी वाचूनही दाखवी. पाच रुपये कशाचे गेले हे त्या म्हातारीला दिसत होते. जुनी कागदी मनिऑर्डर २०१५ साली बंद झाली.

आपल्या भाषेत या गोष्टीला जुने शब्द आहेत. हुंडी हा शब्द आज चोरट्या व्यवहाराला चिकटला असला तरी पूर्वी सराफ-सावकारांचा तो प्रतिष्ठित व्यवहार होता. एका गावी पैसे भरावेत आणि चिठ्ठी दाखवून दुसऱ्या गावी घ्यावेत. त्यासाठी जे द्यावे लागे त्याला हुंडणावळ म्हणत. दळणाची दळणावळ, शिवणाची शिवणावळ, तशी हुंडीची हुंडणावळ, कामाची मजुरी. दुसरा शब्द बट्टा. एक नाणे देऊन दुसरे घेताना सराफ जे कमी देई तो बट्टा. आपण नावाला बट्टा लागला असे म्हणतो तेव्हा हाच शब्द वापरतो. मजुरीच्या शब्दाला डाग लागला नाही, पण बदलीत कमी देण्याच्या शब्दाचा अर्थच डाग असा झाला. लोकांना फरक कळत होता.

शुभवर्तमानातही असाच एक शब्द दडलेला आहे. संत मार्कने मंदिरातील सराफांची मेजे उलथल्याची हकीकत लिहिताना सराफांसाठी जो ग्रीक शब्द वापरला आहे तो 'कोल्लुबोस' या शब्दापासून बनला आहे, आणि कोल्लुबोस म्हणजे नाणे बदलून देताना घेतलेले छोटे नाणे, बट्टा! ओलांडण सणाला दूरदेशीचे यहुदी येरुशलेमला येत. मंदिराची पट्टी अर्धा शेकेल, आणि ती ठरावीक चांदीच्या नाण्यातच भरावी लागे. तेव्हा नाणी बदलून देणारा कोणीतरी हवाच होता. यहुद्यांच्या मिश्ना ग्रंथात या जादा नाण्याविषयी नियम आहेत. त्यात एक गोड नियम असा की एखाद्याने गरिबाच्या वतीने, शेजाऱ्याच्या किंवा गावकऱ्याच्या वतीने पट्टी भरली तर त्याच्याकडून हा बट्टा घेऊ नये. म्हणजे स्वतःसाठी भरणारा आणि दुसऱ्यासाठी भरणारा यांत त्या जुन्या शास्त्र्यांनी भेद केला होता. आपला तरुण तर दर महिन्याला दुसऱ्यासाठीच भरतो.

प्रभूने सराफांबरोबर कबुतरे विकणाऱ्यांची आसनेही उलथली. कबुतरे हे गरिबांचे अर्पण. मरिया आणि योसेफ यांनी बाळ येशूला मंदिरात आणले तेव्हा त्यांनी तेच अर्पण केले. प्रभूच्या क्रोधाचे कारण काय यावर पंडितांनी पुष्कळ लिहिले आहे आणि त्यांचे एकमत नाही. आम्हांला एवढेच दिसते की लांबून आलेला आणि दुसरीकडे जाण्याची सोय नसलेला माणूस या दोन्ही मेजांपुढे उभा होता.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचे न्याय्य किमतीवरील विवेचन आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. ते या तरुणामुळे पुन्हा काढून वाचले. संत थॉमस विचारतात, एखाद्या वस्तूची कोणाला फार निकड असेल तर विकणाऱ्याने जास्त किंमत घ्यावी काय? त्यांचे उत्तर बारीक आहे. ती वस्तू देताना विकणाऱ्याचे जर काही विशेष नुकसान होत असेल तर ते त्याने किमतीत भरून घ्यावे, ते त्याचे स्वतःचे आहे. परंतु घेणाऱ्याला फार गरज आहे एवढ्याच कारणावरून किंमत वाढवू नये. ती गरज घेणाऱ्याची आहे, विकणाऱ्याची नव्हे. आणि जे आपले नाही ते कोणी विकू शकत नाही.

हे नुसते पुस्तकी नाही. पंधराव्या शतकात इटलीत सावकारांच्या तावडीतून गरिबांना सोडवण्यासाठी फ्रान्सिस्कन संन्याशांनी दयानिधी उभे केले. गरिबाने वस्तू गहाण ठेवून तेथून कर्ज घ्यावे. आता कारकुनाचा पगार, जागेचे भाडे, वह्यांचा खर्च कोठून काढायचा? धन्यवादित बर्नार्दिन ऑफ फेल्त्रे आदींचे म्हणणे की थोडे वरती घ्यावे, नाहीतर निधी बुडेल. डोमिनिकन पंथातील काही पंडितांचे म्हणणे की वरती एक पैसा घेतला तरी ती व्याजखोरीच. हा वाद कित्येक वर्षे चालला. शेवटी १५१५ साली पाचव्या लॅटरन परिषदेत पोप लिओ दहावे यांनी निर्णय दिला की खर्च भागेल इतके माफक घेण्यास हरकत नाही, निधीने त्यातून नफा करू नये. आणि काहीच न घेता चालवता आला तर ते अधिक चांगले. वादात दोन्ही बाजूंना पवित्र माणसे होती. म्हणून आज फीचा प्रश्न पडला तर तो क्षुल्लक समजू नये.

बँकेची बाजूही ऐकली पाहिजे. पाठवणारा कोण, पैसे कशाचे, याची तपासणी करावी लागते, त्यासाठी माणसे ठेवावी लागतात. दोन देशांच्या चलनांत भाव रोज हलतो, त्याचा धोका असतो. दुकानाला भाडे आहे. हे सारे खरे आहे आणि त्याचे पैसे घेणे संत थॉमस यांनाही मान्य झाले असते. पण २०० दिरहमच्या चिठ्ठीचे आणि ५,००० च्या चिठ्ठीचे काम जर सारखेच असेल, आणि म्हणून फी सारखी ठेवली असेल, तर मग चलनाच्या भावात पुन्हा जे घेतले जाते ते कशाचे? आणि ते घ्यायचेच असेल तर पावतीवर का लिहीत नाहीत? 'शून्य फी' अशी पाटी लावून भावात काढून घेणे याला आमच्या मते धंद्यातील हुशारी म्हणू नये. खोटा तराजू देवाला आवडत नाही हे नीतिसूत्रकाराने सांगितले तेव्हा तराजू लाकडाचे होते, आता ते संगणकात असतात. १५७१ साली पोप पायस पाचवे यांनीही चलनबदलाच्या आडून व्याज खाण्याच्या एका प्रकाराचा निषेध केला होता. त्या वेळीही नफा भावातच लपवला जात असे.

मग हुंडीवाल्याचे काय? इथे आमचे पहिले उत्तर आम्ही मागे घेत नाही. तो एक पैसा कापत नाही हे दिसते तसे नाही. आपल्या तरुणाचे दिरहम तेथेच राहतात. इकडे त्याच्या आईला ज्या नोटा मिळतात त्या दुसऱ्याच कोणाच्या, आणि त्या दुसऱ्याला आपले रुपये सरकारला न दाखवता परदेशी न्यायचे असतात. तो करबुडव्या असेल, लाच खाणारा असेल, याहून वाईटही असेल. फी तो भरतो, म्हणून आपल्याला फुकट पडते. १९९९ च्या परकीय चलन कायद्याने हे निषिद्ध आहे, आणि सर्वांच्या हिताचा कायदा विवेकालाही बांधतो. त्या आईला आम्ही विचारले, पैसे आणून देणारा मनुष्य कोण? तिला त्याचे नावही माहीत नव्हते. उद्या तो आला नाही तर ती कोणाकडे जाणार? त्या तरुणाच्या दोषाचे माप आणि त्या रुपयेवाल्याच्या दोषाचे माप एक नाही, हे मात्र आम्ही निःसंकोचपणे सांगतो. घरच्यांच्या तोंडी घास जास्त पडावा म्हणून ज्याने ते केले त्याने दडपून जाऊ नये. पण पुढे करू नये.

इथवर लिहून झाल्यावर वाटले की दुबईच्या दुकानदाराला बोल लावणे सोपे आहे, तो काही आपल्या मिस्साला येत नाही. आपल्या धर्मग्रामातील बहुतेकांचा परदेश म्हणजे भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्या. दिवाळीनंतर पाडे ओस पडतात. त्यांचे पैसे उलट वाटेने येतात: बयाणा आधी घरी येतो, पावसाळ्यात खाऊन संपतो, आणि माणूस मागाहून तो फेडायला जातो. मधल्या मुकादमाचे किती, खर्चीचे किती वळते झाले, हे शेवटच्या हिशेबाच्या दिवशी भट्टीवर कळते. कधी तेव्हाही कळत नाही. तेथे पावतीच नसते. त्या मुकादमांपैकी काही आपलेच आहेत, शेवटच्या बाकावर बसतात, हे त्यांना आणि आम्हांला ठाऊक आहे.

आणखी जवळचे सांगतो. ज्या आईचे ११,८५० रुपये खात्यावर आले, तिला लिहिता येत नाही. अंगठ्याच्या मशीनवर पैसे काढून देणाऱ्याने तिच्याकडून हजारामागे वीस रुपये घेतले. त्या माणसाला त्याचे कमिशन बँक देते. हे वीस कशाचे, असे तिने विचारले नाही, कारण पुढच्या महिन्यातही त्याच्याकडेच जायचे आहे. तिची गरज त्याने विकली. दुबईत शंभराला पाच आणि आपल्या नाक्यावर शंभराला दोन!

आणि आम्ही? सणाच्या वर्गणीची यादी करताना परदेशी असलेल्यांच्या नावापुढे आम्हीच दुप्पट रक्कम लिहिली होती. 'त्यांना काय, दिरहममध्ये कमावतात' असे बैठकीत कोणीतरी म्हणाले आणि आम्ही हसलो. संत पौलाने करिंथ आणि मासेदोनियातून येरुशलेमच्या गरिबांसाठी पैसे गोळा केले तेव्हा ते नेण्यासाठी मंडळ्यांनी स्वतः निवडलेली माणसे बरोबर घेतली. एवढ्या रकमेबाबत कोणी बोट दाखवू नये, देवापुढेच नव्हे तर माणसांपुढेही सर्व चोख असावे, ही त्याची काळजी होती. त्याने घेतली तेवढी काळजी आम्ही घेतलेली नाही. यंदाच्या यादीत सर्वांपुढे एकच रक्कम राहील, आणि ज्याला जास्त द्यावेसे वाटेल तो देईल.

आपल्या तालुक्याला दूर पाठवण्याचा अनुभव नवा नाही. १८९२ पासून तानसाचे पाणी नळातून मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. नळ फुटला तर महापालिकेची माणसे शोधत येतात, कारण वाटेत किती गेले याची नोंद ठेवणारे कोणीतरी तेथे आहे. आईच्या पैशाची नोंद आपणच ठेवली पाहिजे.

त्यासाठी एक साधी गोष्ट. पाठवणाऱ्याने 'फी किती' असे विचारू नये, 'माझ्या हातातले इतके दिरहम घेतले तर घरी नक्की किती रुपये पोचतील' असे विचारावे, आणि दोन-तीन ठिकाणी विचारावे. एवढ्या एका प्रश्नात भावातली कात्री उघडी पडते. जेथे विचारणारे वाढले तेथे दर उतरले आहेत. सिंगापूरला असलेल्यांना २०२३ पासून आपल्या यूपीआयशी जोडलेल्या सोयीने मोबाइलवरून पाठवता येते, त्यांनी आपल्या बँकेत चौकशी करावी.

पुढील रविवारी सकाळच्या मिस्सानंतर सभागृहात टेबल मांडून बसणार आहोत. ज्यांची मुले बाहेर आहेत त्यांनी पासबुक आणि मुलाने मोबाइलवर पाठवलेल्या पावतीचा फोटो आणावा. युवक मंडळातील दोन मुली बँकेचे काम जाणतात, त्या हिशेब करून देतील. भट्टीवर जाणाऱ्यांनी बयाण्याचा आकडा आणि तारीख वहीत लिहून घ्यावी. वही येथे मिळेल. पैसे काढण्यासाठी दर बुधवारी कोणीतरी बायांबरोबर शहापूरला जाईल. रिक्षाचे भाडे ज्याचे त्याने द्यावे, त्याहून काही द्यायचे नाही.